अमावास्येचं पाणी

"मावशी, आज तर चंद्रच नाहीये. मग एवढं पाणी कोणी ओढलं?"

भाचीने हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी समुद्राकाठच्या दगडी बांधावर पाय सोडून बसलो होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. वारा जवळजवळ नव्हताच, त्यामुळे लाटा आपटत नव्हत्या. पाणी नुसतं फुगत होतं, दगडांच्या फटींमधून आत शिरताना गुळगुळ आवाज करत होतं आणि दर खेपेला बांधाच्या थोडं वरच्या दगडाला ओलं करून मागे जात होतं. मी म्हटलं, "चंद्र आहे, फक्त दिसत नाही." "कुठे आहे?" मी पश्चिमेला, सूर्य बुडाला त्याच जागेकडे बोट दाखवलं. "तिथेच. सूर्याच्या जवळ होता, त्याच्याबरोबरच मावळला." ती त्या तांबूस रिकाम्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे न दिसताच ओढतो?" मी हो म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण ती गप्प झाली ती पटलं म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. दिसत नाही अशा कुणीतरी डोळ्यांदेखत एवढा समुद्र उचलून धरावा, हे तिला मान्य होत नव्हतं. नंतर कितीतरी दिवस मला तिचा चेहरा आठवत राहिला, कारण तिची अडचण फक्त तिची नव्हती.

आपण सगळ्यांनीच समुद्राची आणि चंद्राची जोडी लावली आहे ती पौर्णिमेच्या रात्री. पूर्वेकडून वर येणारं ते मोठं बिंब, त्याच्यापासून थेट आपल्या पायांपर्यंत आलेला हलता उजेड आणि त्या उजेडात वर चढणारं पाणी. हे एकदा पाहिलं की मन आपोआप प्रकाशालाच ओढण्याचं काम देऊन टाकतं. चंद्र जेवढा भरलेला तेवढा समुद्र भरलेला, असा सरळ हिशेब आपण मांडतो आणि त्यावर सुखाने विसंबतो. पण हा हिशेब पंधरा दिवससुद्धा टिकत नाही. अमावास्येला आकाशात काहीही नसताना पाणी पौर्णिमेइतकंच चढतं. अष्टमीला चंद्र अर्धा असतो, तेव्हा त्या हिशेबाने भरती मधली यायला हवी, तर ती पंधरवड्यातली सगळ्यात मवाळ भरती निघते. समुद्राला कला ठाऊकच नसतात. कला आपल्या डोळ्यांसाठी आहेत. चंद्राचा अर्धा गोल नेहमीच उजेडात असतो, आपण कुठल्या बाजूने पाहतो त्याप्रमाणे त्या उजेडाचा कमीजास्त भाग आपल्या वाट्याला येतो. पाण्यापर्यंत पोचतं ते चंद्राचं वस्तुमान, त्याचं अंतर आणि त्याची दिशा.

अंधारातला चंद्र तेवढाच जड असतो.

मग तिथी आणि भरती यांचं एवढं घट्ट नातं कसं? याचं उत्तर पंचांगात सगळ्यांच्या समोरच आहे. तिथी म्हणजे चंद्र किती भरला याचं माप नव्हे. चंद्र सूर्यापासून किती दूर सरकला याचं ते माप आहे. आकाशात दोघांमधलं कोनाचं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. अमावास्या संपते त्या क्षणी हे अंतर शून्य असतं, पौर्णिमा संपते तेव्हा १८० अंश आणि अष्टमीच्या बरोबर मध्यावर ९० अंश. समुद्राला नेमकं हेच अंतर जाणवतं, कारण पाणी ओढणारे दोघे आहेत. सूर्यही ओढतो. त्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे आणि पृथ्वीवरचं त्याचं एकूण गुरुत्वाकर्षण चंद्राच्या सुमारे १८० पट. एवढं असूनही भरतीच्या कामात तो दुय्यम ठरतो, कारण भरती ओढीच्या जोरावर येत नाही. पृथ्वीच्या एका बाजूला ओढ किती आणि दुसऱ्या बाजूला किती, या फरकावर ती येते. हा फरक अंतराच्या घनाने घटतो. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ३९० पट दूर आहे. ३९० चा घन केला की जवळजवळ ५ कोटी ९० लाख येतात, त्यांनी २ कोटी ७० लाखांना भागलं की उरतं ०.४६. म्हणजे चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. मला हा भागाकार फार आवडतो. सूर्यासारखी अवाढव्य गोष्ट केवळ लांब असल्यामुळे चंद्राच्या मागे उभी राहते, आणि तरीही तिचं ४६ टक्के म्हणणं समुद्राला ऐकावंच लागतं.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात आणि दोघांचं काम एकमेकांत मिळतं. हे उधाण. अष्टमीला चंद्र जिथे पाणी वर आणू पाहतो तिथेच सूर्य ते उतरवू पाहतो. ही भांगाची भरती. कागदावर पाहिलं तर एकीकडे १.४६ आणि दुसरीकडे ०.५४, म्हणजे उधाणाचा जोर भांगाच्या पावणेतीन पटींच्या आसपास. कला या सगळ्यात कारण नाही, ती खूण आहे. अर्धा चंद्र दिसला की समजायचं, वर दोघांत काटकोन झाला आहे. चंद्र दिसेनासा झाला की समजायचं, दोघे एकाच दिशेला आहेत. माझ्या भाचीला मी हे असं सांगायला हवं होतं का, याचा मी विचार केला. पण तिला खूण नको होती, तिला चंद्र हवा होता.

शाळेच्या भूगोलात या सगळ्याचं एक चित्र असायचं. मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती निळ्या रंगाचा लंबगोल, उजवीकडे छोटा चंद्र. निळा रंग चंद्राच्या बाजूला फुगलेला आणि तेवढाच उलट्या बाजूलाही. त्या उलट्या बाजूच्या फुगवट्याकडे मी वर्गात बसून टक लावून बघायची. चंद्र उजवीकडे असताना डावीकडचं पाणी कुणाकडे चाललंय, ते कळायचं नाही. पुढे कधीतरी 'फरक' हा शब्द नीट समजला आणि चित्र सुटलं. चंद्राच्या बाजूच्या पाण्यावर त्याची ओढ सगळ्यात जास्त, पृथ्वीच्या गाभ्यावर मधली आणि पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. दोन टोकांमधला फरक सुमारे ७ टक्क्यांचा. पृथ्वी स्वतःसुद्धा चंद्राकडे ओढली जाते, त्यात पलीकडचं पाणी जरासं मागे राहतं आणि तिथेही फुगवटा दिसतो. म्हणून दिवसात दोन भरत्या. आणि आपण एक फेरी मारून परत त्याच जागी येईपर्यंत चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटं लागतात आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे जाते.

त्या चित्रात आणखी एक गोष्ट लपलेली असते. ते पाहून वाटतं, चंद्र पाणी सरळ वर उचलतो. तसं नाही. वर उचलण्याचं म्हणाल तर चंद्राचा हा जोर आपल्या वजनाच्या जेमतेम एक कोटीव्या भागाएवढा आहे. त्याने चमचाभर पाणीसुद्धा वर उठणार नाही. खरं काम आडव्या दिशेने होतं. हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला एक अगदी क्षीण आडवा रेटा मिळतो, सगळे थेंब एकाच बाजूला किंचित सरकतात आणि ते सरकणं साचत साचत कुठेतरी उंची बनतं. म्हणूनच भरतीला महासागर लागतो. बादलीत भरती येत नाही, विहिरीच्या पाण्याला उधाण चढत नाही. माणसाच्या शरीरात इतकं पाणी आहे, मग पौर्णिमेला तेही ओढलं जात असेल, असं मला अनेकांनी मोठ्या खात्रीने सांगितलं आहे. मी दर वेळी नाही म्हणते आणि यापुढेही म्हणेन. डोक्यापासून पायापर्यंतच्या अंतरात चंद्राच्या ओढीत पडणारा फरक इतका नगण्य आहे की शेजारून चालत गेलेल्या माणसाच्या गुरुत्वाकर्षणाचा फरकसुद्धा त्याहून मोठा भरेल. जमिनीचं मात्र वेगळं. ती सलग आणि प्रचंड आहे, म्हणून तिलाही भरती येते. आपल्या पायांखालचं कवच दिवसातून दोनदा काही सेंटीमीटरपासून फूटभरापर्यंत वर-खाली होतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या २७ किलोमीटर परिघाच्या कणवेगकाला, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या गोल यंत्राला, मात्र तो पत्ता लागला. १९९२ मध्ये तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की कणांची ऊर्जा चंद्राप्रमाणे बारीकशी बदलते आहे. जमिनीच्या भरतीने तो एवढा मोठा परीघ एका मिलिमीटरच्या आसपास ताणला जात होता.

उधाण म्हटलं की सगळे चढणाऱ्या पाण्याबद्दल बोलतात. मला उधाणाची ओहोटी जास्त प्रिय आहे. त्या दिवशी समुद्र जेवढा वर येतो तेवढाच खोल मागेही जातो. एरवी कायम बुडालेले खडक उघडे पडतात आणि किनाऱ्याचा एक असा पट्टा दिसतो जो पंधरा दिवस आपल्यासाठी नव्हताच. पहिल्यांदा वास येतो. शेवाळ, चिखल, आयोडीन, कुजकं आणि ताजं एकत्र, नाकात जरा टोचणारा. मग आवाज, ओल्या खडकांवरून हजारो बारीक जीव पाणी सोडताना होणारी सततची चुरचुर. वाळूवर पाण्याने सोडलेल्या नागमोडी रेघा तळव्यांना टणक लागतात. खडकांच्या खळग्यांत अडकलेल्या पाण्यात समुद्रफुलं आपले हात आखडून लालसर गोळे होऊन बसलेली असतात, सावली पडली की खेकडा तिरका पळतो. खडकाकडे नीट पाहिलं तर त्यावर आडवे पट्टे दिसतात. वरच्या पट्ट्यात फक्त उधाणालाच भिजणारे जीव, मधल्यात रोज दोनदा भिजणारे आणि अगदी खाली, उधाणाच्या ओहोटीलाच हवा अनुभवणारे. उभ्या दगडावर चंद्र-सूर्यातला तो कोन जिवंत होऊन बसलेला असतो. तिथे उभं राहिलं की मला एकाच वेळी आनंद होतो आणि संकोचही वाटतो, कारण ही कुणाच्या तरी अडचणीची वेळ आहे. त्यांचं पाणी गेलेलं असतं आणि मी कौतुकाने वाकून बघत असते.

या जिवांनी कलांचा हिशेब आपल्याहून कितीतरी आधी बसवला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रुनियन नावाचे लहान रुपेरी मासे वसंतात आणि उन्हाळ्यात रात्रीच्या भरतीबरोबर चक्क वाळूवर येतात. मादी शेपटी वाळूत खुपसून उभी राहते, अंडी घालते आणि पुढच्या लाटेबरोबर परतते. त्या रात्री कुठल्या? अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या पहिल्या काही. सगळ्यात मोठी भरती होऊन गेलेली असते, पुढच्या प्रत्येक रात्री पाणी थोडं थोडं खाली थांबणार असतं, त्यामुळे अंडी वाहून जात नाहीत. साधारण दोन आठवड्यांनी पुढचं उधाण त्या जागेपर्यंत पोचतं, वाळू घुसळते आणि त्या घुसळण्यानेच पिल्लं अंड्यातून बाहेर येतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळं वर्षातून एकदा, वसंत सरताना, पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत एकत्र बीजं सोडतात. प्रवाळं चांदण्याचा उजेडही ओळखतात, त्यामुळे तिथे कलेचा थेट हात आहे. ग्रुनियनला मात्र अमावास्या आणि पौर्णिमा सारखीच चालते. प्रकाशावर विसंबणारी आपण माणसं आणि कोनावर विसंबणारा तो मासा, यात समुद्राच्या बाबतीत मासा बरोबर आहे.

माणसांना हे कळायला वेळ लागला, पण पाहणारे होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मासिलियाचा पिथियस हा ग्रीक दर्यावर्दी भूमध्य समुद्र ओलांडून अटलांटिकला गेला आणि भरतीचा चंद्राशी संबंध आहे, असं त्याने नोंदवलं. भूमध्य समुद्रात राहणाऱ्याला हे सुचणं कठीणच, तिथे बहुतेक ठिकाणी पाणी वीतभर जेमतेम हलतं. ही अनोळख किती महाग पडते ते इसवी सनापूर्वी ५५ मध्ये ज्युलियस सीझरला कळलं. ब्रिटनच्या किनाऱ्यावर त्याची गलबतं होती, पौर्णिमेची रात्र होती, उधाणाबरोबर वादळ आलं आणि गलबतं फुटली. पौर्णिमेला त्या महासागरात सर्वात मोठी भरती येते हे आमच्या लोकांना माहीत नव्हतं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे केप्लरने १६०९ मध्ये चंद्र पाणी ओढतो असं म्हटलं, तेव्हा गॅलिलिओला ते पटलं नाही. त्याच्या मते भरती पृथ्वीच्या फिरण्याने पाणी हिंदकळल्यामुळे येत होती, आणि १६३२ मध्ये केप्लरसारख्या माणसाने चंद्राच्या सत्तेवर विश्वास ठेवावा याचं त्याने आश्चर्य व्यक्त केलं. मला गॅलिलिओबद्दल इथे आपुलकी वाटते. स्पर्शावाचून, मधल्या कशाहीवाचून दूरच्या वस्तूने ओढावं, हे त्याला जादूटोण्यासारखं वाटत होतं. न दिसताच ओढतो, या वाक्यापाशी तोही थांबला होता. १६८७ मध्ये न्यूटनने गणित मांडलं आणि चंद्र-सूर्य दोघांना आपापला वाटा मिळाला.

पण न्यूटनचं गणित कुठल्याही बंदराची भरती सांगू शकत नव्हतं.

एका बंदराच्या कचेरीत भिंतीवर लावलेलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला हे उमगलं. आकड्यांच्या रांगाच्या रांगा. बोट ठेवून वरून खाली आलं की मीटर वाढत जातात, मग घटतात, पुन्हा वाढतात. चंद्राचं नाव कुठेही नसताना महिनाभराच्या कला त्या रकान्यात दिसत होत्या. मी सगळ्यात मोठा आकडा शोधला आणि शेजारची तारीख पाहिली. ती अमावास्येची नव्हती, त्यानंतरची होती. हे बहुतेक किनाऱ्यांवर असंच आहे, सर्वांत मोठं उधाण तिथीनंतर दीड-दोन दिवसांनी येतं. आणखी एक गंमत त्या रकान्यात होती. उधाणाच्या दिवशीची भरती दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच ठोक्याला होती. असं होणारच, कारण अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र कायम दुपारी बारा किंवा रात्री बाराच्या सुमारास माथ्यावरची रेघ ओलांडतो आणि त्या त्या बंदराला त्यानंतर लागणारा उशीर ठरलेला असतो. लिव्हरपूलला उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. दुसऱ्या बंदराला ती सहाला येईल, पण मग तिथे नेहमी सहालाच.

हा उशीर का, ते लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १७७० च्या दशकात दाखवलं. शाळेच्या चित्रातला तो निळा फुगवटा चंद्राखाली राहायचा तर विषुववृत्तावर त्याला ताशी सुमारे १६०० किलोमीटर पळावं लागेल. महासागर सरासरी चारेक किलोमीटर खोल आहे आणि तेवढ्या खोलीत लांब लाट ताशी सातशे किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकते. पाणी चंद्राला गाठूच शकत नाही. शिवाय वाटेत खंड आडवे येतात, पृथ्वीचं फिरणं लाटेला वळवतं. मग महासागराच्या प्रत्येक खोऱ्यात भरतीची लाट एका मध्याभोवती गोल फिरत राहते आणि त्या मध्यावर पाणी वर-खाली होतच नाही. उत्तर समुद्रात अशी एक निश्चल जागा असली पाहिजे, असं विल्यम ह्यूएल या इंग्रज अभ्यासकांनी १८३६ मध्ये किनाऱ्यांवरच्या नोंदींवरून सांगितलं आणि १८४० मध्ये कॅप्टन ह्यूएट यांनी जहाजातून जाऊन तिथली खोली मोजत ती जवळपास पडताळली. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाजवळ चंद्राच्या लाटेची अशीच निश्चल जागा आहे, त्यामुळे तिथे चंद्राचा वाटा जवळजवळ पुसला जातो आणि सूर्य एकटा उरतो. भरती रोज दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास, तिथी कोणतीही असो. समुद्राने वेढलेली माणसं आणि चंद्राच्या कलांचा त्यांच्या पाण्यावर जेमतेम परिणाम, हे वाचून मला कितीतरी वेळ सुनं वाटलं होतं.

याच्या उलट टोकाला कॅनडातला फंडीचा उपसागर. तिथे पाणी आत शिरून परत यायला लागणारा वेळ साडेबारा-तेरा तासांचा, म्हणजे चंद्राच्या लयीला अगदी लागून आहे. झोका मागे येईल तेव्हाच हात लावला तर तो चढत जातो, तसं तिथलं पाणी दर भरतीला योग्य वेळी ढकललं जातं आणि उधाणाला १६ मीटरपर्यंत वर-खाली होतं. खुल्या महासागरात चंद्राचा हिशेब अर्ध्या मीटरच्या घरातला आहे. खंबातच्या आखातातही दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. त्या उधाणावरच अलंगचा धंदा उभा आहे. मोडीत काढायची जहाजं अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला स्वतःच्या इंजिनावर वेगात किनाऱ्यावर चढवतात. पाणी उतरतं, जहाज चिखलात बसतं आणि ते पुन्हा तरंगत नाही. समुद्रात आयुष्य काढलेल्या जहाजाचा शेवटचा दिवस तिथीवरून ठरतो.

भांगाकडे कुणी लक्ष देत नाही. तो मंद, सपाट, न आठवणारा. पण २० नोव्हेंबर १९४३ ला प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकी सैनिक उतरले तेव्हा प्रवाळाच्या कड्यावरून नावा जाण्याइतकं पाणी येईल असा अंदाज होता. ते आलंच नाही. नावा कड्यावर अडकल्या, माणसांना शेकडो मीटर छातीभर पाण्यातून, समोरून गोळ्या येत असताना चालावं लागलं. तीन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून पाच हजारांहून जास्त माणसं मेली. १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञांनी त्या दिवसाचं गणित केलं. कृष्ण पक्षातला अर्धा चंद्र होता, म्हणजे भांग. आणि त्याच सुमाराला चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूरही होता, म्हणजे त्याची स्वतःची ओढही कमी. पाणी दिवसभर जवळजवळ हललं नाही. त्यानंतर सहाच महिन्यांनी सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, त्यासाठी लिव्हरपूलजवळ भरतीचे अभ्यासक आर्थर डूडसन यांनी पितळी चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर तिथल्या भरतीचे तास काढून दिले. ६ जून १९४४, पौर्णिमा. पहाटे ओहोटी हवी होती, पाण्याखाली पेरलेले अडथळे उघडे पडावेत म्हणून. मला युद्धाच्या कथांत रस नाही, पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की चंद्र-सूर्यातल्या कोनाला माणसांच्या जिवाचं वजन येतं आणि मग तो कोन नुसता आकडा राहत नाही.

हे सगळं किती जुनं आहे, ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना या खडकांत वाचता येतं. भरतीने आणलेल्या वाळूचे आणि गाळाचे बारीक थर एकावर एक साचले आणि दगड झाले. उधाणाला जाड थर, भांगाला पातळ, पुन्हा जाड. सुमारे ६२ कोटी वर्षांपूर्वीच्या अमावास्या आणि पौर्णिमा. तेव्हा पाहायला डोळेच नव्हते, तरी कोन होता आणि पाणी त्याचं ऐकत होतं. जॉर्ज विल्यम्स या भूशास्त्रज्ञांनी ते थर मोजून सांगितलं की त्या काळी वर्षात जवळजवळ ४०० दिवस होते आणि दिवस २२ तासांपेक्षा थोडा लहान होता. तेव्हापासून समुद्र तळाशी आणि किनाऱ्यांशी घासत पृथ्वीची गिरकी मंदावतो आहे आणि तिने गमावलेली गती चंद्राला दूर ढकलते आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर टाकून मोजलं जातं, चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब जातो. भरती चंद्रामुळे येते, आणि चंद्र भरतीमुळे जातो. हे समजलं त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

पण आता मला चंद्राच्या त्या सेंटीमीटरांपेक्षा दुसऱ्या सेंटीमीटरांची काळजी जास्त वाटते. १९०० पासून जगभरातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली आहे. वीतभर. अष्टमीला ती कुणाला जाणवत नाही, भांगाच्या भरतीत ती लपून जाते. उधाणाला ती लपत नाही. व्हेनिसमध्ये १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढलं, तेव्हा पौर्णिमा होती आणि जोडीला वाराही होता. मायामीसारख्या शहरांत तर आता वाराही लागत नाही. निरभ्र आकाश, पावसाचा टिपूस नाही, आणि अमावास्येच्या सकाळी गटारांतून उलटं वर आलेलं खारं पाणी रस्त्यावर उभं. चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या आवर्तनात बदलतो आणि त्याने भरत्या थोड्या कमीजास्त होतात. २०३० च्या दशकाच्या मध्याला अनेक किनाऱ्यांवर त्याची चढती बाजू येईल, या वेळी आधीच वाढलेल्या पाण्यावर. त्या वर्षांतली सगळी उधाणं तारीख आणि तासासकट आजच काढता येतात. बांध किती उंच घालायचा, कुठली वस्ती मागे हलवायची, कुठलं गटार झडपेने बंद करायचं, हे ठरवायला अजून थोडी वर्षं हातात आहेत. माझी भाची तेव्हा आपल्या पायावर उभी असेल, आणि हे निर्णय तिच्या मोठं होण्याआधीच कुणीतरी घेतलेले असावेत असं मला मनापासून वाटतं.